‘वयोमानाप्रमाणे’

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. राऊंडला तू आजींच्या गुंगीबद्दल विचारलंस, सीनियर म्हणाले, “ब्याऐंशी वय आहे, असं होणारच.” सगळे हसले, पाठोपाठ तूही हसलीस. त्या हसण्याची तुला रुखरुख लागली आहे. लागू दे.

वय हे निदान नव्हे. ‘वयोमानाप्रमाणे’ हा शब्द केसपेपरवर चढला की तपासणारा हात थांबतो.

असा थांबलेला एक हात माझा होता. मी रेसिडेंट असताना एक आजोबा तीन दिवस गप्प पडून होते. आरडाओरडा नाही, सलाईन उपटणं नाही. “वय झालंय,” असं मीच मुलाला सांगितलं. सून सांगत होती, “परवापर्यंत हिशेब लिहायचे हो!” मी ऐकलं नाही. तो डेलिरियम होता, म्हणजे आजारपणात मेंदूचा अचानक उडणारा गोंधळ; त्यातला शांत प्रकार. झोप यावी म्हणून मीच लिहिलेल्या ॲलर्जीच्या गोळीने लघवी तुंबली, त्यात जंतुसंसर्ग झाला. कळेपर्यंत उशीर झाला होता. म्हातारपणावरचा धडा आम्हाला कुणी शिकवला नव्हता, हे खरं. पण सुनेचं ऐकायला धडा लागत नव्हता.

या वृत्तीला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्येच वयभेद म्हणून नाव दिलं. त्याच्याही आधी, १९३५ मध्ये, लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉक्टर मार्जरी वॉरन यांच्याकडे सातशेहून अधिक रुग्ण आले, बहुतेक कुणी आशा सोडून दिलेले. बाईंनी एकेकाला नव्याने तपासलं. खाटेला खिळलेली कितीतरी माणसं चालू लागली, घरी गेली. वय तेच होतं ना? मग बदललं काय?

तोंडी परीक्षेत ‘म्हातारपण’ हे कारण सांगणाऱ्याला मी गुण देत नाही. सहकारी चिडतात, मी मुलांचं नुकसान करतो म्हणतात. चिडोत. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी धडधाकट म्हाताऱ्यांशी तासभर नुसतं बोलायला पाठवतो, तेही त्यांना वेळेचा अपव्यय वाटतो. ज्याने म्हातारं माणूस फक्त खाटेवरच पाहिलंय, त्याला खाट हीच त्याची जागा वाटणार. मी हे सोडणार नाही.

“सर, मी उगाच ताणतेय का?” हे मात्र मला पुन्हा विचारू नकोस. सीनियरशी भांडायची गरज नाही. वय हे निदान नव्हे, एवढं धरून उद्या सकाळी आजींकडे जा. आधी चष्मा आणि कानाचं यंत्र टेबलाच्या खणात पडलंय का बघ. औषधांची सगळी यादी काढ, घरून आणलेल्या गोळ्यांसकट. पोटावर हात ठेवून मूत्राशय भरलंय का पाहा. गुंगी कधीपासून, ते घरच्यांना विचार. आणि कुणी ‘परवापर्यंत’ म्हणालं, तर ते वाक्य केसपेपरवर जसंच्या तसं उतरव.

तुझा,
सर