अल्झायमर म्हणजे वाढलेले म्हातारपण नव्हे

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. ओळखीच्या माणसांची नावे त्यांना ऐनवेळी आठवत नाहीत. तासाभराने आपोआप आठवतात. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेतो. मात्र वयाबरोबर मेंदूतील पेशी मरतच असतात आणि त्या फार मेल्या की अल्झायमर होतो, असे अलीकडे वाचले. हे खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हा समज जुना आहे आणि काही डॉक्टरही तो बोलून दाखवतात, पण पेशींची प्रत्यक्ष मोजणी वेगळे सांगते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या डॅनिश संशोधनानुसार, मेंदूच्या बाह्य आवरणातील चेतापेशी वयाच्या २० ते ९० वर्षांच्या दरम्यान सुमारे १० टक्केच कमी होतात. म्हातारपणी मुख्यतः पेशींमधील जोडण्या विरळ होतात आणि संदेशवहन मंदावते, त्यामुळे आठवण पुसली जात नाही, ती सापडायला वेळ लागतो.

अल्झायमरमध्ये मात्र ठरावीक जागीच घाला पडतो. हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्राकडे माहिती पोहोचवणारा एन्टोरायनल कॉर्टेक्स नावाचा एक लहानसा भाग आहे. १९९६ मधील एका अमेरिकी अभ्यासात निरोगी व्यक्तींच्या या भागातील पेशींची संख्या साठीपासून नव्वदीपर्यंत घटलेली आढळली नाही. उलट आजाराची अगदी सौम्य लक्षणे असलेल्यांमध्ये तेथील दुसऱ्या थरातल्या निम्म्याहून अधिक पेशी नष्ट झालेल्या होत्या. म्हणजे लक्षण दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

मग वयाचा संबंध काय? चेतापेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे एकाच पेशीला सत्तर-ऐंशी वर्षे आपल्या आतला कचरा उपसत राहावे लागते. वयोमानाने ही सफाई ढिली पडते आणि बाहेरची स्वच्छता सांभाळणाऱ्या मायक्रोग्लिया पेशीही तितक्या कार्यक्षम राहत नाहीत. अशा वेळी पेशींबाहेर अमायलॉइड प्रथिनाचे थर साचतात, तर पेशींच्या आत वाहतुकीचे मार्ग टिकवून धरणाऱ्या टाऊ प्रथिनाच्या गाठी होतात. जर्मनीतील हायको ब्राक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली १ ते १०० वर्षे वयाच्या २,३३२ व्यक्तींचे मेंदू तपासल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा टाऊमधील सुरुवातीचे बदल काही तरुणांच्या मेंदूतही आढळले. हे वाचून धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण असे बदल असलेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होत नाही. मेंदूत अमायलॉइड भरपूर असूनही अखेरपर्यंत तल्लख राहिलेली माणसेही आहेत.

केवळ वय पुरेसे नाही, याचा पुरावा डाऊन सिंड्रोममध्ये मिळतो. अमायलॉइड ज्या प्रथिनापासून तयार होते त्याचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते आणि या व्यक्तींमध्ये ते गुणसूत्र एक जास्त असल्याने, चाळिशीपर्यंतच बहुतेकांच्या मेंदूत अल्झायमरसारखे बदल दिसू लागतात.

वडिलांना नावे नंतर आठवतात, हे लक्षण दिलासादायक आहे. मात्र तेच तेच प्रश्न पुन्हा विचारणे, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे किंवा पैशांचा हिशेब न जमणे असे काही दिसले, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपचार होऊ शकतात.