डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांवरचे नॉयर सिनेमे: आधी पुस्तक वाचू की आधी सिनेमा बघू?

तुम्ही विचारलंय की हॅमेट, चँडलर ह्या अमेरिकन लेखकांच्या कादंबऱ्यांवरचे जुने नॉयर सिनेमे (म्हणजे अंधाऱ्या, उदास वातावरणातले गुन्हेगारीचे सिनेमे) बघायचेत, तर आधी काय करू. मी म्हणेन, पुस्तकातली गोष्ट सांगतंय कोण ते बघा आणि मग ठरवा.

हॅमेटचं 'द माल्टीज फाल्कन' (1930) घ्या. त्यात डिटेक्टिव्ह सॅम स्पेडच्या मनात काय चाललंय ते लेखक कधी सांगतच नाही. रात्री फोन येतो, पार्टनर मेल्याचं कळतं, आणि स्पेड शांतपणे सिगारेट वळत बसतो, कागद, तंबाखू, बोटं, सगळं बारीक वर्णन, पण दुःख झालं की नाही ते तुम्हीच ठरवायचं. म्हणजे कॅमेऱ्याला जेवढं दिसेल तेवढंच पानावर. म्हणून जॉन ह्यूस्टनने 1941 मध्ये, डायरेक्टर म्हणून पहिल्याच सिनेमात, पुस्तकातले बरेचसे संवाद तसेच्या तसे उचलले आणि जमून गेलं. इथे आधी सिनेमा बघितला तरी काही बिघडत नाही.

चँडलरचं मात्र आधी वाचाच! तिथे त्याचा डिटेक्टिव्ह मार्लो स्वतः गोष्ट सांगतो आणि खरी मजा त्याच्या बोलण्यात आहे, खून कोणी केला ते नंतरचं. त्याच्या 'द बिग स्लीप'वरच्या सिनेमाचं शूटिंग चालू असताना गोष्टीतल्या ड्रायव्हरला कोणी मारलं असं चँडलरला विचारलं तर त्यालाच सांगता आलं नाही, हा किस्सा प्रसिद्ध आहे. आता हा 'मी' पडद्यावर आणायचा कसा? 'लेडी इन द लेक'मध्ये (1947) रॉबर्ट माँटगोमेरीने कॅमेऱ्यालाच मार्लोचे डोळे केले, हीरो दिसतो तो जवळपास फक्त आरशात, लोक कॅमेऱ्यात बघून बोलतात, बुक्की पण कॅमेऱ्यावरच येते. कल्पना धाडसी आहे, पण अर्ध्या तासात कंटाळा येतो, कारण नजर मिळाली तरी तो आवाज हरवला.

मला सगळ्यात आवडतो तो डायरेक्टर ऑल्टमनचा 'द लाँग गुडबाय' (1973), हाही चँडलरच्या कादंबरीवरच. पटकथा ली ब्रॅकेटची, 'द बिग स्लीप'च्या पटकथेतही ती होती. इलियट गूल्डचा मार्लो पूर्ण वेळ तोंडातल्या तोंडात पुटपुटत असतो, ऐकायला कोणी असो नसो, पुस्तकातला 'मी' तिथे जिवंत राहिलाय असं मला वाटतं. सुरुवातीला मांजरीला हवा तो ब्रँड दुकानात मिळत नाही, तर हा दुसरंच खाणं जुन्या डब्यात भरून तिला फसवायला बघतो, आणि ती फसत नाही. पुस्तकात हे काहीच नाही, पण माणूस किती एकटा आहे ते तेवढ्यात कळतं. इथे इंदूरला रामबागेतल्या मित्राकडे आम्ही हा लावला तर तो वैतागला, "भिया, हा कसला डिटेक्टिव्ह, पिस्तूल सोडून मांजर सांभाळतोय!" बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारवर वाढलेल्या माणसाला तसं वाटणारच, मी त्याला शेवटपर्यंत बसवलं. शेवट कादंबरीपेक्षा वेगळा केलाय आणि तो इथे सांगणार नाही, पण वाचून गेलात तर जास्त लागेल.

हे झाले की 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस' (1995) बघा. वॉल्टर मोझलीची कादंबरी, 1948 चं लॉस एंजेलिस, नोकरी गेलेला काळा माजी सैनिक ईझी रॉलिन्स घराचे हप्ते भरायला डिटेक्टिव्हचं काम घेतो. डेंझेल वॉशिंग्टन आहे, आणि त्यात डॉन चीडलचा माऊस तर चुकवूच नका.