टॅपेट आवळल्यावर बाईकचा आवाज गेला, पण पिकअपही गेला. खरंच बोअरचं काम निघालंय का?

तुम्ही लिहिलंय की सकाळी थंड इंजिन चालू केलं की टिक-टिक यायची, म्हणून टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचे ॲडजस्टिंग स्क्रू) आवळून घेतले. आवाज जवळपास बंद झाला, पण तेव्हापासून गाडी तापली की चढावर दम टाकते, स्लोवर बंद पडते आणि गरम असताना लवकर स्टार्ट होत नाही. आता मेकॅनिकने बोअर-पिस्टन (सिलिंडर आणि त्यात वर-खाली होणारा पिस्टन) बदलायला सांगितलंय. माझं स्पष्ट मत असं की हेडचा (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचा) एकही बोल्ट सैल करण्याआधी टॅपेटचा गॅप मोजून घ्या. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं टॅपेट जास्त आवळले गेल्यावर दिसतात, आणि तिन्ही गाडी तापल्यावरच दिसतात हे फार महत्त्वाचं आहे.

रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते, तोच टॅपेटचा गॅप. लहान एअर-कूल्ड इंजिनांत ती बहुतेक वेळा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते; तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट पुरेशी नसेल, तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या कडेवर) नीट बसतच नाही. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिथून निसटतं, स्लो टिकत नाही, स्टार्टर मारत बसावं लागतं. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायला मुख्य वाट सीटचीच असते. सीटला टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? असाच बराच काळ चालला तर व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून आवाज पूर्ण बंद होईपर्यंत टॅपेट आवळणं मला अजिबात मान्य नाही. एअर-कूल्ड इंजिनात शिलाई मशीनसारखी हलकी, एकसारखी टिक-टिक असणं ठीक आहे.

गॅप मोजायला इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. प्लग काढून ठेवा, म्हणजे क्रँक (पिस्टनला जोडलेला इंजिनचा मुख्य दांडा) हाताने सहज फिरतो. टॅपेटची झाकणं उघडा आणि क्रँक इंजिनच्या नेहमीच्या दिशेने फिरवत इनटेकच्या रॉकरकडे बघत राहा. तो खाली दबून परत वर आला की त्यानंतर मॅग्नेटच्या खिडकीत जी पहिली ‘टी’ची खूण समोर येईल, तो कॉम्प्रेशनचा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे. गॅप इथेच मोजायचा. इथे खूप जण फसतात. रॉकर हलवणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे ‘टी’ची खूण दोनदा येते आणि त्यातली एकच बरोबर असते. रॉकर हलवून बघून ठरवायचं म्हटलं, तर आवळलेल्या टॅपेटमध्ये तो दोन्ही वेळा घट्टच लागेल.

आता त्या फटीत फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाची) पट्टी घाला. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. सैल पळायला नको आणि ओढूनही काढावी लागायला नको. स्क्रू धरून नट आवळलात की पट्टी पुन्हा घालून बघा, कारण नटाबरोबर स्क्रूही थोडा फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. (तुमच्या इंजिनात स्क्रूऐवजी शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्या, असतील तर मोजणं असंच, पण शिम बदलायचं काम जाणकारावर सोडा.)

गॅप बरोबर करूनही ताकद आली नाही, तर कॉम्प्रेशन गेजने तपासा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आकडा घ्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा घ्या. आकडा चांगलाच वाढला तर रिंग-बोअर झिजलेत. तसाच राहिला तर गळती बहुधा व्हॉल्व्हमधून आहे, आणि मग नवीन पिस्टन टाकूनही फायदा नाही. बोअर करायला सांगणाऱ्याला हे दोन आकडे जरूर विचारा. सायलेन्सरमधून निळा धूर येत नसेल आणि ऑइल कमी होत नसेल, तर माझा बोअरवर सहजासहजी विश्वास बसणार नाही.

राहिली मूळची टिक-टिक. ती फक्त सकाळी यायची आणि गाडी तापल्यावर जायची, म्हणजे ती टॅपेटची नसेलही. दोन जागा बघा. पहिली, हेडला सायलेन्सरचा बेंड पाइप जोडतो ती. तिथली गॅस्केट गळत असली की हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो, आणि धातू तापून फुगला की तो कमी होतो. जोडाभोवती काळी काजळी बसली असेल तर चोर सापडला. दुसरी जागा टायमिंग चेनची. तिचा आवाज टिक-टिक नसून खर-खर असतो, इंजिनच्या चेन असलेल्या बाजूने जास्त येतो आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर अडकला की वाढतो. नक्की करायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. टोक एकेक बोट सरकवत न्या. आवाजाच्या उगमावर आलात की तो थेट डोक्यात ठोके दिल्यासारखा वाजतो. हात बेंड पाइपपासून लांब ठेवा. इंजिन थंड असताना पिस्टनचाही टप-टप आवाज येतो, पण तो गाडी तापल्यावर जात असेल तर सहसा घाई नसते.

न्यूट्रलमध्ये क्लच दाबून आवाज बदलत असेल, तर तो क्लच किंवा गिअरबॉक्सकडचा आहे, हेडकडे बघूच नका. चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही असं होत असेल, तर क्लच प्लेट घसरतायत. एअर फिल्टर आणि ब्रेक चिकटलाय का हे तर दोन मिनिटांत कळतं, तेही बघून घ्या.

एका आवाजाच्या बाबतीत मात्र चालढकल करायची नाही: खालून, क्रँककेसमधून येणारा जड ठक-ठक, जो लोड दिला की वाढतो. तो बिग एंडचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या खालच्या टोकाचा, असू शकतो. तो ऐकू आला तर इंजिन तिथेच बंद करा, ऑइलची पातळी बघा आणि गाडी टेम्पोत घालून न्या. रॉड तुटला तर क्रँककेसही फुटू शकतो. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही, त्यामुळे उद्या सकाळी थंड गाडीवर फिलर गेजपासूनच सुरुवात करा.