स्पीकरच नाही, मग स्पीकरचा आवाज येणार कुठून?

प्रश्न: १९८२ सालच्या रॉकमन या खिशातल्या गिटार-डबीसारखं, अँपशिवाय थेट हेडफोनवर गिटार ऐकता येईल असं सर्किट मी ब्रेडबोर्डवर जुळवतो आहे. मिळालेल्या आकृतीत काही कॅपॅसिटरच्या किमती पुसट आहेत आणि कोरसची, म्हणजे आवाज दाट करणाऱ्या इफेक्टची, मूळ बकेट-ब्रिगेड चिप (सिग्नल किंचित उशिरा पुढे सोडणारी) मिळत नाही. डिस्टॉर्शन (लाट छाटून आवाज फाटका करणारा भाग) चालू झालं, पण आवाज माशी घोंघावल्यासारखा किरकिरा येतो. डायोड बदलून पाहिले, फरक पडला नाही. मूळ चिपशिवाय हे जमेल का?

उत्तर: जमेल, आणि चिपचा शोध तूर्त थांबवा. ती कोरस आणि एकोसाठी असते. तुमच्या किरकिरीशी तिचा संबंध नाही. डायोडही निर्दोष आहेत.

गिटार अँपच्या बारा इंची स्पीकरमधून साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारच थोडं बाहेर पडतं. डायोडनी लाट छाटली की वरच्या हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या उंच सुरांची, गर्दी होते. स्पीकर ती अडवतो, हेडफोन मात्र सगळी ऐकवतो. रॉकमन करणारे टॉम शोल्झ हे बोस्टन बँडचे गिटारवादक आणि एमआयटीत शिकलेले इंजिनियर. त्यांच्या त्या छोट्या डबीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते डिस्टॉर्शन नव्हे, त्याच्याभोवती कायमचं बसवलेलं ईक्यू, म्हणजे कुठले सूर वाढवायचे-कमी करायचे ते ठरवणारे फिल्टर. नक्कल करणारे बहुतेक जण नेमकं तेच सगळ्यात शेवटी करायला घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून सगळ्यात आधी डायोडनंतर बसणारा फिल्टर बांधा. टीएल०७२ हा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) चालेल. सिग्नल १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून ओळीने प्लस इनपुटवर न्या. प्लस इनपुटपासून ग्राउंडला १.५ नॅनोफॅरड, दोन रेझिस्टरच्या सांध्यापासून आउटपुटला ६.८ नॅनोफॅरड, आणि आउटपुट थेट मायनस इनपुटला. हा सॅलन-की लो-पास झाला, म्हणजे खालचे सूर जाऊ देणारा आणि वरचे अडवणारा फिल्टर; कट, म्हणजे अडवणं सुरू होण्याची जागा, साधारण ५ किलोहर्ट्झला. असे दोन एकापाठोपाठ लावले की ३.७ किलोहर्ट्झच्या आसपास सुमारे ३ डेसिबलचा उंचवटा मिळतो आणि पुढे दर ऑक्टेव्हला २४ डेसिबल उतार. स्पीकरची धार आणि त्याचा मऊपणा, दोन्ही त्यातून येतात.

इथे एक गोष्ट सांभाळा. तुमचे डायोड सिग्नलकडून ग्राउंडला जोडलेले असतील, तर त्यांच्या आधीचा रेझिस्टर फिल्टरच्या १० किलोओहममध्ये मिळतो आणि सगळं गणित बिघडतं. मध्ये एक बफर, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांपासून वेगळे ठेवणारा टप्पा, घाला. नऊ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर चालवत असाल तर फिल्टरपर्यंत अर्ध्या व्होल्टेजचा बायस (सिग्नल ज्याच्या वर-खाली हलतो तो स्थिर व्होल्टेज) पोहोचतोय ना, तेही मल्टिमीटरने पाहा.

पुसट किमतींसाठी त्या कॅपॅसिटरचं काम ओळखा. समजा आकडा ४.७ नॅनो की ४७ नॅनो, कळत नाही आणि शेजारी १० किलोओहम आहे. साध्या आरसी फिल्टरचा कट पहिल्याने सुमारे ३.४ किलोहर्ट्झ येतो, दुसऱ्याने ३४० हर्ट्झ. तीक्ष्णपणा काढायची जागा असेल तर पहिलाच खरा. फिल्टरमध्ये पाच टक्के टॉलरन्सचे फिल्म कॅपॅसिटरच वापरा. स्वस्त सिरॅमिकची किंमत व्होल्टेजबरोबर सरकते.

डायोडांच्या आधी १०० हर्ट्झच्या खालचा बास थोडा कापलात तर पॉवर कॉर्ड (दोन-तीन जाड सुरांचे रॉक कॉर्ड) चिखलात जाणार नाहीत. कोरस सगळ्यात शेवटी, हवं तर वेगळ्या पेडलने.