नोंदणीच्या टेबलाची प्रायमरी की: तीन कॉलम मिळून, की स्वतंत्र आयडी?

तुमची रचना मला समजली ती अशी: महाविद्यालयाच्या परीक्षा विभागासाठी ‘नोंदणी’ हे टेबल असून त्यात विद्यार्थी, विषय आणि सत्र हे तीन कॉलम आहेत. या तिन्हींची मिळून कंपोझिट (अनेक कॉलमांची) प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखण्याची खूण, करावी असे तुमचे मत आहे, तर सहकाऱ्यांना ऑटो इन्क्रिमेंट आयडी, म्हणजे डेटाबेस आपोआप वाढवत देतो तो क्रमांक, हवा आहे. माझ्या मते इथे आयडी घ्यावा, मात्र त्या तीन कॉलमांवर यूनिक कंस्ट्रेंट (त्याच किमती एकत्र पुन्हा येऊ न देणारा नियम) लावल्याशिवाय घेऊ नये. आयडीचा आग्रह धरणारे ही अट सर्रास विसरतात. मग एकाच विद्यार्थ्याची एकाच सत्रात एकाच विषयाला दोनदा नोंद होते, आयडी वेगळे असल्यामुळे डेटाबेसला त्यात काही वावगे दिसत नाही, आणि घोळ लक्षात येतो तो थेट गुणपत्रिका छापताना.

त्या तिन्ही कॉलमांना नॉट नल (रिकामे न ठेवता येणारे) करणेही तितकेच आवश्यक आहे. प्रायमरी कीमध्ये रिकामी किंमत मुळातच चालत नाही, पण यूनिक कंस्ट्रेंटचे तसे नाही: पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसमध्ये एरवी एक नल (रिकामी किंमत) दुसऱ्या नलसारखा मानला जात नाही, त्यामुळे सत्र रिकामे ठेवलेल्या कितीही सारख्या ओळी बिनबोभाट आत शिरतात.

आयडी का, तर नोंदणीवर पुढे गुण, हजेरी आणि पुनर्मूल्यांकन ही टेबले उभी राहणार आहेत. कंपोझिट की ठेवली तर तिन्ही कॉलम त्या प्रत्येक टेबलात उतरतील, आणि उद्या त्याच सत्रात पुरवणी परीक्षा सुरू झाली तर ‘प्रयत्न’ हा चौथा कॉलमही सगळीकडे वाढवावा लागेल. एटीकेटीचा (नापास झालेला विषय पुढच्या सत्रात पुन्हा देण्याच्या सवलतीचा) विचार करून तुम्ही सत्र आधीच घेतले आहे हे चांगले केले. केवळ विद्यार्थी आणि विषय यांवर की बांधणाऱ्यांची पहिली अडचण तिथेच होते. बाहेरच्या जगातील क्रमांकांवर विसंबण्याचा धोकाही असाच असतो. पुस्तकांचा आयएसबीएन १ जानेवारी २००७ पासून दहाऐवजी तेरा अंकी झाला, आणि विषयांचे कोड तर अभ्यासक्रम बदलला की बदलतात.

आयडीमुळे एक गोष्ट मात्र हातची जाते आणि तिची चर्चा फारशी होत नाही. विद्यार्थी एका अभ्यासक्रमाचा आणि विषयही एका अभ्यासक्रमाचा. नोंदणीत हे दोन्ही अभ्यासक्रम एकच असले पाहिजेत. नोंदणीत केवळ विद्यार्थ्याचा आणि विषयाचा आयडी असेल, तर दोन्ही फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम) आपापल्या जागी बरोबर ठरतात आणि बी.कॉम.च्या विद्यार्थ्याची बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राला नोंदणी होऊन जाते. याउलट अभ्यासक्रम हा मूळच्या दोन्ही टेबलांच्या कंपोझिट कीचा भाग असेल, तर नोंदणीत तो कॉलम एकदाच ठेवून (अभ्यासक्रम, विद्यार्थी) आणि (अभ्यासक्रम, विषय) अशा दोन्ही फॉरेन कीमध्ये तोच वापरता येतो, आणि विजोड नोंद डेटाबेसच नाकारतो. त्यासाठी प्रोग्राममध्ये एकही ओळ लिहावी लागत नाही. आयडी ठेवूनही हे साधते: विद्यार्थी आणि विषय या टेबलांत अभ्यासक्रम व आयडी या जोडीवर आणखी एक यूनिक कंस्ट्रेंट लावावे आणि फॉरेन की त्या जोडीकडे वळवावी. एकट्या आयडीवर इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून ठेवलेली सूची) असताना यूनिक कंस्ट्रेंटसोबत येणारा हा दुसरा इंडेक्स अनावश्यक वाटतो, पण ही किंमत मी आनंदाने मोजेन. अर्थात, दुसऱ्या शाखेचे ओपन इलेक्टिव्ह घेण्याची मुभा तुमच्याकडे असेल, तर हा नियमच खरा नाही आणि तो डेटाबेसमध्ये घालू नये.

वेगाचा मुद्दा डेटाबेसवर अवलंबून आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवले जाते आणि इतर प्रत्येक इंडेक्समध्ये प्रायमरी कीची प्रत असते, म्हणून रुंद कंपोझिट की तिथे महाग पडते. मात्र एका विद्यार्थ्याच्या सगळ्या नोंदी शेजारी-शेजारी राहतात हा तिचा फायदाही आहे. पोस्टग्रेसमध्ये ओळी वेगळ्या आणि प्रायमरी कीचा इंडेक्स वेगळा, त्यामुळे तिथे हा फरक बराच कमी जाणवतो.

ज्या टेबलाकडे दुसरे कोणतेही टेबल बोट दाखवत नाही, उदाहरणार्थ कोणता प्राध्यापक कोणता विषय शिकवतो एवढेच सांगणारे टेबल, तिथे मी आजही कंपोझिट कीच देतो. त्यावर आयडी चढवणे ही निव्वळ सवय आहे. एके काळी फ्रेमवर्कमुळे (प्रोग्राम लिहिण्याच्या तयार चौकटीमुळे) आयडी घ्यावाच लागे, पण रेल्स या फ्रेमवर्कने ७.१ या आवृत्तीत आणि जँगोने ५.२ मध्ये कंपोझिट प्रायमरी कीची सोय दिल्यापासून ती सबबही उरलेली नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी कॉलमांचा क्रम विचारपूर्वक ठरवा. विद्यार्थी, विषय, सत्र या क्रमाचा इंडेक्स एका विद्यार्थ्याच्या नोंदी झटकन देतो, परंतु एका विषयाच्या परीक्षार्थींची यादी काढताना तो फारसा उपयोगी पडत नाही. त्यासाठी विषय आणि सत्र यांपासून सुरू होणारा दुसरा इंडेक्स लागेल.