तेव्हा विमानाचा तोल कागदावर काढायचो

प्रश्न : माझी मावशी १९७० च्या दशकात मुंबईला इंडियन एअरलाइन्समध्ये ‘ट्रॅफिक’ला होती. हवाई सुंदरी नव्हे, जमिनीवरची नोकरी. आता ती ऐंशीला टेकली आहे. विचारलं की म्हणते, ‘काही नाही गं, तिकिटं बघायचो.’ कॉम्प्युटर नसताना ही मंडळी नेमकं काय करत होती?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : मावशींनी फारच थोडक्यात आटोपलं! मी १९७६ मध्ये सांताक्रूझला ट्रॅफिक असिस्टंट म्हणून लागले. काम शिकवलं ते त्यांच्याच पिढीतल्या सीनियर मुलींनी, आणि ते मी आजही विसरलेले नाही.

तिकिटं बघायचो हे खरं. लाल कार्बनचं पातळ पुस्तक असायचं, त्यातलं त्या फ्लाइटचं कूपन फाडून घ्यायचं. सामान काट्यावर चढवायचं, वीस किलोच्या वर गेलं की जादा वजनाची पावती. समोर सीटांचा तक्ता, त्यावर नंबरांचे स्टिकर. एक सोलून बोर्डिंग कार्डावर चिकटवला की ती सीट गेली.

खरी कसोटी थांबत थांबत जाणाऱ्या विमानाची. मुंबई-औरंगाबाद-उदयपूर-जयपूर-दिल्ली अशी एक फ्लाइट होती. औरंगाबादला उतरणाऱ्याची सीट तिथल्या स्टेशनला मिळायला हवी, आणि दिल्लीपर्यंतच्या माणसाला मध्ये कुणी उठवता कामा नये. त्यासाठी विमान सुटलं की लगेच पुढच्या स्टेशनांना टेलेक्स, म्हणजे तारेवरून टाइप केलेला निरोप, करायचा : कोणत्या सीट कुठपर्यंत भरलेल्या, कोणत्या होल्डमध्ये (विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात) कुठलं किती सामान. औरंगाबादच्या बॅगा दाराजवळ, दिल्लीच्या आत. बोइंग ७३७ चा होल्ड एवढा बुटका की लोडर गुडघ्यांवर बसून बॅगा रचायचे. मे महिन्यात त्या पेटीतून घामाने निथळत बाहेर येणारी ती माणसं कुणाच्या आठवणींत नसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मग लोडशीट. माझ्या मते आमचं सगळ्यात मोलाचं काम हेच. रिकाम्या विमानाचं वजन, त्यात क्रू, इंधन, प्रवासी (माणशी ठराविक वजन धरून), सामान, टपाल, माल. बेरीज हाताने. ती टेक-ऑफच्या मर्यादेत बसली पाहिजे. उन्हाळ्यात भर दुपारी हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते, म्हणून मर्यादाही खाली यायची आणि कधी माल उतरवून ठेवावा लागायचा.

पण नुसतं वजन बसून भागत नाही, तोलही जमावा लागतो. त्यासाठी ट्रिमशीट. वर आखलेल्या पट्टीवरून पेन्सिलीची रेघ सोडायची. पुढच्या होल्डमध्ये इतके किलो, तर रेघ इतके घर एका बाजूला. मागच्या होल्डमध्ये इतके, तर तितके घर उलट बाजूला. केबिनच्या पुढच्या, मधल्या, मागच्या भागात किती जण बसले त्याप्रमाणे पुन्हा सरकायची. शेवटी रेघ खालच्या आखलेल्या चौकटीत उतरली पाहिजे. बाहेर गेली, तर बॅगा हलवा नाहीतर माणसं. चौकटीत उतरली की शेपटाकडचा ट्रिम, म्हणजे तोल राखायला शेपटाच्या आडव्या पंखाला द्यायचा कल, किती लावायचा तो आकडा मिळायचा आणि पायलट तोच लावायचा. कॅप्टनची सही होण्याआधी खाली आपली सही. बाविशीतल्या मुलीची सही, आणि तिच्या भरवशावर भरलेलं विमान उडायचं! ऐन वेळी धावत आलेला प्रवासी घेतला, तर त्याचीही नोंद वेगळ्या रकान्यात करायची, मगच दार बंद.

पहाटेच्या ड्यूटीला कंपनीची गाडी घरोघर न्यायला यायची. साडी, अंबाडा, बॅज सगळं रात्री तीनला तयार. आमच्या चाळीत सुरुवातीला कुजबुज झाली. आई मात्र रोज गाडीपर्यंत सोडायला खाली यायची. पुढे त्याच चाळीतल्या दोघी मुली फॉर्म आणायला माझ्याकडे आल्या.

तेव्हा मावशींना तिकिटांचं विचारूच नका. ‘लोडशीट करायचीस का? कोणत्या विमानावर?’ असं विचारा. १९७६ मध्येच एअरबस ए-३०० आली, तिचं सामान कंटेनरमधून चढायचं आणि शीटही निराळी. बोइंग आणि एअरबस अशा दोन्हींच्या शीट त्यांनी केल्या असतील, तर फरक त्यांच्याकडूनच ऐका. जवळ कागद-पेन्सिल ठेवा. रेघ कशी सोडायची ते त्या नक्की काढून दाखवतील.