रीपर या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भजनाचं लांबलचक लाइव्ह रेकॉर्डिंग कसं एडिट करावं?

तुम्ही विचारलंय : दोन तासांचं भजन आहे, आठ ट्रॅक आहेत, हवी ती जागा सापडत नाही, कापलं की ठेका हलतो, तर सगळं ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या ठरावीक लयीच्या उभ्या रेघांवर, बसवून घेऊ का?

नका बसवू. हात जोडून सांगतो.

२०१७ साली मी पुण्यात एका स्टुडिओत कामाला होतो. माझ्या मामांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग गावच्या देवळात सहा माइक लावून केलं आणि एडिटिंग पहिल्यांदाच एकट्याकडे आलं. मामा चाळीस वर्षं पखवाज वाजवतायत. स्टुडिओचे मालक, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर पखवाजाचे ठोके ग्रिडच्या रेघांच्या मागेपुढे दिसत होते. म्हणाले, ‘‘हे सगळं लाइनीत घे.’’ मी टेम्पो मिनिटाला ८० ठोके ठेवला आणि तीन रात्री एकेक ठोका कापून रेघेवर ओढत बसलो.

भजनी ठेका आठ मात्रांचा असतो, पण त्या आठ मात्रा घड्याळाच्या नसतात. अभंग संथ सुरू होतो, टाळकरी रंगात आले की लय चढते, गजरापर्यंत ती दुपटीच्या आसपास जाते. बुवा ओळ लांबवतात तेव्हा पखवाज किंचित थांबतो, त्यांना समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, घेऊन येतो. ते थांबणंच मी कापून टाकलं होतं.

मामांना हेडफोन दिला. त्यांनी पूर्ण अभंग ऐकला आणि विचारलं, ‘‘वाजवलंय चांगलं. कोण आहे हा?’’

आजही हे लिहिताना घशात आवंढा येतो.

वर आणखी एक घोळ. मी ओढला फक्त पखवाजाचा ट्रॅक. पण देवळात पखवाज बुवांच्या माइकमध्येही येतो, टाळांच्याही. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दोन मीटरवरच्या माइकात ठोका ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढं कानाला खटकत नाही. मी ठोका ४० मिलिसेकंद सरकवल्यावर एकाचे दोन ठोके ऐकू यायला लागले. दादा म्हणाले, ‘‘रिव्हर्ब (घुमारा) टाक, झाकलं जाईल.’’ नाही झाकलं गेलं. रीपर मूळ फाइलला हात लावत नाही, त्यामुळे मी नव्या प्रोजेक्टमध्ये सगळं परत केलं, एकही ठोका न हलवता. मंडळाला मात्र दादांनी ग्रिडवालीच फाइल दिली. ‘प्रोफेशनल’ म्हणजे रेघेवरचं, हे त्यांचं मत तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे.

तर तुमचं काम. आधी एकदा सगळं सलग ऐका. ऐकता ऐकता अभंग बदलला की एम दाबा, मार्कर म्हणजे खूण पडते. शिफ्ट-एम दाबलंत तर नावही देता येतं. ‘मार्कर ३’ पेक्षा ‘गजर, लय चढली’ असं लिहा. मग आकड्यांच्या कळांनी पहिल्या दहा मार्करांवर उडी मारता येते, चौकटी कंसांच्या कळांनी मागचापुढचा मार्कर मिळतो. माउसचं चाक फिरवून झूम करा, खालची पट्टी ओढत बसू नका.

कापण्याआधी आठही आयटम (ट्रॅकवरचे आवाजाचे पट्टे) निवडून कंट्रोल-जी ने ग्रुप करा. आता एस दाबल्यावर आठही एकाच जागी तुटतात आणि वरचा दोन ठोक्यांचा प्रकार होत नाही. कट समेच्या जोरकस ठोक्याच्या अगदी आधी घ्या, म्हणजे सांधा ठोक्याखाली लपतो. क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत दुसरा वर येतो तो सांधा, ५ ते १० मिलिसेकंद पुरे. पेटीचा सूर लांबलेला असेल तिथे कापू नका. दोन अभंगांमधलं खोकणं, बोलणं काढायचं असेल तर ऑल्ट-पी ने रिपल (कापलेली जागा पुढचं सरकून भरण्याची सोय) ‘सगळे ट्रॅक’ वर आणा, म्हणजे पुढचं सगळं मार्करांसकट एकत्र सरकतं. काम झालं की लगेच बंद करा, नाहीतर पुढच्या चुकीच्या डिलीटला अख्खं भजन सरकेल.

या कळा विंडोजवरच्या आहेत, मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. आणि हो, क्लिक (ठरावीक लयीची टिकटिक) कानात घेऊन वाजवलेलं गाणं असेल तर ग्रिड खुशाल वापरा, तिथे माझी हरकत नाही. आवाजाच्या बॅलन्सचं मी इथे लिहीत नाही, ते वेगळं काम आहे.

एक राहिलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक दोन तासांत सुकते आणि त्याचा आवाज बदलतो. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातला तुकडा शेवटच्या अर्ध्या तासाला जोडला तर सांधा कितीही नीट असो, कान लगेच पकडतो. तुमच्या पखवाजवाल्यांना शेजारी बसवून विचारा, कणीक मध्ये कधी ओली केली किंवा बदलली. त्यांना बरोबर आठवेल. तिथे मार्कर टाका आणि त्याच्या पलीकडचं अलीकडे आणू नका.